बहुपदीचे अवयव कसे पाडावेत : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

नागपूरच्या एखाद्या नव्या लेआउटमध्ये १५०० चौरस फुटांचा प्लॉट विकाऊ आहे असे सांगितले, की ऐकणारा लगेच विचारतो, "किती बाय किती?" ३० बाय ५० चा प्लॉट आणि २५ बाय ६० चा प्लॉट यांचे क्षेत्रफळ सारखेच असले, तरी दोन्हींवर बसणारे घर सारखे नसते, म्हणून नुसत्या क्षेत्रफळावर कोणाचे समाधान होत नाही. क्षेत्रफळ हाती आहे आणि बाजू शोधायच्या आहेत, एवढीच गोष्ट बीजगणितात अवयव पाडताना करायची असते. महाल भागात माझ्याकडे गणित शिकायला येणाऱ्या मुलांना मी हा धडा याच प्रश्नापासून शिकवतो, कारण आपण नेमके काय शोधत आहोत हे कळल्याशिवाय सूत्रे पाठ करणारे मूल पहिल्याच अनोळखी उदाहरणापाशी अडते.

शाळेच्या पुस्तकांत चलांसाठी इंग्रजी अक्षरे वापरतात. या लेखात मी त्यांच्या जागी क्ष, य, अ, ब अशी अक्षरे घेतली आहेत. रीत तीच राहते.

आधी गुणाकार पक्का करावा

एका प्लॉटची लांबी (क्ष + ५) आणि रुंदी (क्ष + ३) आहे असे समजा. वहीत एक आयत काढून लांबीवर क्ष आणि ५ असे दोन भाग पाडा, रुंदीवर क्ष आणि ३ असे दोन भाग पाडा आणि आतून दोन रेषा ओढा. आयताचे चार तुकडे होतील : क्ष बाजूचा एक चौरस, ५क्ष आणि ३क्ष क्षेत्रफळाच्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यातला १५ चा छोटा आयत. म्हणून

(क्ष + ५)(क्ष + ३) = क्ष² + ५क्ष + ३क्ष + १५ = क्ष² + ८क्ष + १५

डावीकडून उजवीकडे गेलो तर तो विस्तार, म्हणजे गुणाकार. उजवीकडून डावीकडे आलो तर ते अवयव. अडचण अशी, की शेवटच्या पायरीत ५क्ष आणि ३क्ष या दोन पट्ट्या एकत्र होऊन ८क्ष झाल्या आणि त्यांच्यामधली सीमा पुसली गेली. ती पुसलेली सीमा पुन्हा शोधून काढणे, हेच वर्गत्रिपदीचे अवयव पाडण्यातले खरे कष्टाचे काम आहे.

अवयव येत नाहीत अशी तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांचे दोन कंसांचे गुणाकारच कच्चे असतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे अवयवांना हात लावण्यापूर्वी दोन-तीन दिवस केवळ कंसांचे गुणाकार करावेत, तेही ऋण चिन्हांसह : (क्ष − ७)(क्ष + २), (३क्ष − ४)(२क्ष + ५), (क्ष − ६)(क्ष − ६). मधले पद मनातल्या मनात सांगता येऊ लागले, की पुढे जावे. २० पर्यंतचे पाढे आणि २५ पर्यंतचे वर्ग तोंडपाठ असतील, तर पुढचा निम्मा वेळ वाचतो.

याच ठिकाणी पडताळ्याची एक सोपी सवय लावून घ्यावी. क्ष च्या जागी १० ठेवा. क्ष² + ८क्ष + १५ ची किंमत १०० + ८० + १५ म्हणजे १९५ येते आणि कंसांची किंमत १५ × १३, म्हणजेही १९५ येते. दोन्हींकडे वेगळी संख्या आली, तर चूक निश्चित झाली आहे. सारखी आली म्हणजे उत्तर सिद्ध झाले असे मात्र नव्हे. पूर्ण खात्री कंस गुणूनच होते. तरीही हा अर्ध्या मिनिटाचा पडताळा चिन्हांच्या बहुतेक चुका पकडतो.

पहिली पायरी : सामाईक काय आहे ते बाहेर काढणे

उदाहरण कोणतेही असो, सर्वप्रथम सर्व पदांचा मसावि पाहावा. १२क्ष³य − १८क्ष²य² + ६क्ष²य या राशीत सहगुणकांचा मसावि ६ आहे, क्ष ची सर्वांत लहान घातसंख्या २ आहे आणि य ची १ आहे. म्हणून ६क्ष²य बाहेर येते :

१२क्ष³य − १८क्ष²य² + ६क्ष²य = ६क्ष²य(२क्ष − ३य + १)

कंसातला शेवटचा १ अनेकजण लिहीत नाहीत, कारण "सगळेच बाहेर गेले, मग आत काय उरणार?" असे त्यांना वाटते. पद स्वतःलाच भागले की १ उरतो, शून्य नव्हे. मूळ राशीत तीन पदे असतील, तर कंसातही तीनच पदे असली पाहिजेत, हे मोजून पाहावे. पहिले पद ऋण असेल तर ऋण चिन्हही बाहेर काढावे आणि आतली सर्व चिन्हे बदलावीत : −३क्ष² + १२क्ष = −३क्ष(क्ष − ४).

ही पायरी गाळली तर पुढचे काम विनाकारण जड होते. १६क्ष³ + ५४ पाहून हे घन नाहीत म्हणून विद्यार्थी थांबतात; २ बाहेर काढले की कंसात ८क्ष³ + २७ उरते आणि ते दोन्ही घन आहेत.

दुसरी पायरी : पदे मोजणे

सामाईक काढून झाल्यावर लेखणी खाली ठेवून कंसातली पदे मोजावीत. दोन पदे असतील तर वर्गांची वजाबाकी, घनांची बेरीज किंवा घनांची वजाबाकी आहे का ते पाहावे. तीन असतील तर वर्गत्रिपदी, चार असतील तर गट. या मोजणीने काय करून पाहायचे ते ठरते आणि मन सैरावैरा धावत नाही.

दोन पदांची सूत्रे अशी :

अ² − ब² = (अ + ब)(अ − ब)
अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²)
अ³ − ब³ = (अ − ब)(अ² + अब + ब²)

पहिले सूत्र तोंडी हिशेबातही वापरून पाहावे : ५३ × ४७ म्हणजे ५०² − ३², म्हणजे २५०० − ९, म्हणजे २४९१. अक्षरांतली उदाहरणे याहून वेगळी नाहीत : ४९क्ष² − ६४य² = (७क्ष + ८य)(७क्ष − ८य). घनांच्या सूत्रांत मधले पद केवळ अब असते. पूर्ण वर्गाच्या सूत्राच्या सवयीमुळे मुले तेथे २अब लिहितात, आणि ही चूक मी इतक्या वह्यांत दुरुस्त केली आहे, की आता सूत्र शिकवतानाच तो कंस गुणून दाखवतो. मघाचे उदाहरण पूर्ण केले तर १६क्ष³ + ५४ = २(२क्ष + ३)(४क्ष² − ६क्ष + ९) असे येते.

क्ष² + ९ सारख्या वर्गांच्या बेरजेचे वास्तव संख्यांत अवयव पडत नाहीत. (क्ष + ३)² हे त्याचे उत्तर नव्हे, कारण त्यात ६क्ष जास्तीचे येते. मात्र यावरून बेरजेचे चिन्ह दिसताच हात टेकू नयेत. क्ष⁴ + ४ मध्ये ४क्ष² मिळवून वजा केले, तर (क्ष² + २)² − (२क्ष)² अशी वर्गांची वजाबाकी तयार होते आणि (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २) हे अवयव मिळतात. ही युक्ती फ्रेंच गणिती सोफी जर्मेन यांच्या नावाने ओळखली जाते.

चार पदांसाठी गट पाडावेत. क्ष³ + ४क्ष² − ९क्ष − ३६ घ्या. पहिल्या दोन पदांतून क्ष² काढले, शेवटच्या दोन पदांतून −९ काढले :

क्ष²(क्ष + ४) − ९(क्ष + ४) = (क्ष + ४)(क्ष² − ९) = (क्ष + ४)(क्ष + ३)(क्ष − ३)

येथे दोन ठिकाणी जपावे. −९ बाहेर काढल्यावर −३६ चे आत +४ होते. आणि (क्ष + ४)(क्ष² − ९) येथे थांबू नये, कारण दुसऱ्या कंसाचे अजून अवयव पडतात. प्रत्येक कंस पुन्हा तपासून पाहावा.

तिसरी पायरी : वर्गत्रिपदी

हा भाग सावकाश घ्यावा. दहावीच्या वर्गसमीकरणांचा पाया येथेच आहे.

आधी क्ष² चा सहगुणक १ असलेली रूपे. (क्ष + अ)(क्ष + ब) = क्ष² + (अ + ब)क्ष + अब. म्हणजे ज्यांचा गुणाकार स्थिरपदाएवढा आणि बेरीज मधल्या सहगुणकाएवढी आहे, अशा दोन संख्या शोधायच्या. त्या अंदाजाने शोधण्यापेक्षा जोड्यांचा तक्ता करावा. ३६ चा तक्ता असा : १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, ६ आणि ६. या पाच जोड्यांच्या बेरजा अनुक्रमे ३७, २०, १५, १३, १२ येतात आणि वजाबाक्या ३५, १६, ९, ५, ० येतात. या एका तक्त्यातून क्ष² + १३क्ष + ३६, क्ष² − १३क्ष + ३६, क्ष² + ५क्ष − ३६ आणि क्ष² − ५क्ष − ३६ ही चारही उदाहरणे सुटतात, कारण चौघांची जोडी ४ आणि ९ हीच आहे. फरक केवळ चिन्हांचा आहे.

चिन्हे ठरवताना आधी शेवटच्या पदाकडे पाहावे. स्थिरपद धन असेल तर दोन्ही संख्यांची चिन्हे सारखी असतात आणि ती मधल्या पदाच्या चिन्हासारखी असतात. तेव्हा तक्त्यात बेरीज शोधावी. स्थिरपद ऋण असेल तर चिन्हे भिन्न असतात आणि मोठ्या संख्येला मधल्या पदाचे चिन्ह मिळते. तेव्हा तक्त्यात वजाबाकी शोधावी. त्यामुळे

क्ष² − १३क्ष + ३६ = (क्ष − ९)(क्ष − ४)
क्ष² − ५क्ष − ३६ = (क्ष − ९)(क्ष + ४)

३६ प्रमाणेच २४, ४८, ६० आणि ७२ यांचे तक्ते स्वतः तयार करावेत. पन्नास सुटी उदाहरणे करण्यापेक्षा असे चार तक्ते करून प्रत्येकातून स्वतःच त्रिपदी बनवणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता क्ष² चा सहगुणक १ नसेल तेव्हा. उदाहरण घ्या : ६क्ष² + ७क्ष − २०. रीत सांगते, की पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार करा, ६ × (−२०) = −१२०, आणि ज्यांचा गुणाकार −१२० व बेरीज ७ आहे अशा दोन संख्या शोधा. चिन्हे भिन्न आहेत, म्हणून वजाबाकी ७ असलेली जोडी हवी. १२० च्या जोड्या क्रमाने लिहिल्या तर १ व १२०, २ व ६०, ३ व ४०, ४ व ३०, ५ व २४, ६ व २०, ८ व १५ अशा येतात आणि त्यांच्यातले अंतर ११९ पासून सारखे कमी होत ७ पर्यंत येते. म्हणून १५ आणि −८.

६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २० = ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५) = (२क्ष + ५)(३क्ष − ४)

क्ष = १० ठेवून पाहा : ६०० + ७० − २० = ६५० आणि २५ × २६ = ६५०. मधली दोन पदे उलट क्रमाने लिहिली तरी उत्तर बदलत नाही. २क्ष(३क्ष − ४) + ५(३क्ष − ४) असे होऊन तेच दोन कंस मिळतात.

पण टोकांचा गुणाकार का करायचा? हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो आणि त्याचे उत्तर कळले, की ही रीत पुन्हा विसरत नाही. कंस (मक्ष + न)(पक्ष + त) असे असतील, तर विस्तारात पहिले पद मपक्ष², शेवटचे नत आणि मधल्या दोन पट्ट्या मतक्ष व नपक्ष असतात. त्या दोन पट्ट्यांच्या सहगुणकांचा गुणाकार म × त × न × प, आणि टोकांच्या सहगुणकांचा गुणाकार म × प × न × त. दोन्हींत तेच चार घटक आहेत, केवळ क्रम वेगळा आहे. म्हणजे प्लॉटच्या नकाशातली पुसलेली सीमा शोधण्यासाठी आपल्याजवळ दोन खुणा उरतात : पट्ट्यांची बेरीज मधल्या पदात दिसते आणि त्यांचा गुणाकार टोकांमध्ये दडलेला असतो.

एका विद्यार्थिनीने मला एकदा विचारले होते, "सर, जोडी सापडलीच नाही, तर ती खरंच नाही की मलाच दिसली नाही, हे कसं ओळखायचं?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर विवेचकात आहे. अक्ष² + बक्ष + क या राशीसाठी ब² − ४अक काढावे, येथे अ, ब, क हे पूर्णांक आहेत. ती संख्या पूर्ण वर्ग असेल तर परिमेय सहगुणकांचे अवयव नक्की पडतात, नसेल तर पडत नाहीत. क्ष² + ५क्ष + ३ मध्ये २५ − १२ = १३ येतात; १३ हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून जोडी शोधण्यात वेळ घालवू नये. ६क्ष² + ७क्ष − २० मध्ये ४९ + ४८० = ५२९ येतात आणि ५२९ हा २३ चा वर्ग आहे. इतकेच नव्हे, तर हे २३ म्हणजे आपल्या १५ आणि −८ यांच्यातले अंतर आहे. बेरीज ७ आणि अंतर २३ कळले की ७ + २३ ची निमपट १५ आणि ७ − २३ ची निमपट −८, अशा दोन्ही संख्या तक्त्याशिवाय हाती येतात. मोठे सहगुणक असतील तेव्हा ही वाट जवळची पडते.

यामागची रीत जुनी आणि आपल्याच परंपरेतली आहे. वर्गसमीकरणाच्या दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग अव्यक्ताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवावा, हा श्रीधराचार्यांचा नियम बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात उद्धृत केला आहे. आपल्या उदाहरणाला ४ × ६ म्हणजे २४ ने गुणले तर

१४४क्ष² + १६८क्ष − ४८० = (१२क्ष + ७)² − ४९ − ४८० = (१२क्ष + ७)² − २३²

अशी वर्गांची वजाबाकी तयार होते. तिचे अवयव (१२क्ष + ३०)(१२क्ष − १६), म्हणजे ६(२क्ष + ५) × ४(३क्ष − ४). उसने घेतलेले २४ परत काढून टाकले की मघाचेच दोन कंस उरतात. दुसऱ्या पायरीतले साधे अ² − ब² येथे पुन्हा भेटते, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर दृश्य वाटते.

पूर्ण वर्ग त्रिपदी वेगळी शिकण्याची गरज नाही. ९क्ष² − ३०क्ष + २५ मध्ये दोन्ही टोके वर्ग आहेत आणि मधले पद २ × ३क्ष × ५ आहे, हे दिसले तर सरळ (३क्ष − ५)² लिहावे. दिसले नाही तरी वरच्या रीतीने तेच उत्तर येते.

चौथी पायरी : घात तीन आणि त्याहून मोठा

गट पडत नसतील तर अवयव सिद्धांत कामी येतो. बहुपदीत क्ष = अ ठेवल्यावर किंमत शून्य आली, तर (क्ष − अ) हा तिचा अवयव असतो. पहिल्या पदाचा सहगुणक १ आणि बाकीचे सहगुणक पूर्णांक असतील, तर अ ची पूर्णांक किंमत स्थिरपदाच्या विभाजकांतच शोधायची असते. क्ष³ − ४क्ष² − ७क्ष + १० मध्ये १० चे विभाजक ±१, ±२, ±५, ±१० एवढेच आहेत. १ ठेवून पाहणे म्हणजे सहगुणकांची बेरीज करणे : १ − ४ − ७ + १० = ०. म्हणून (क्ष − १) हा अवयव आहे.

आता संश्लेषक भागाकार. सहगुणक १, −४, −७, १० एका ओळीत लिहा आणि डावीकडे १ लिहा. पहिला १ तसाच खाली आणा; त्याला डावीकडच्या १ ने गुणून −४ मध्ये मिळवा, −३ आले; −३ ला १ ने गुणून −७ मध्ये मिळवा, −१० आले; −१० ला १ ने गुणून १० मध्ये मिळवा, ० आले. शेवटचे शून्य म्हणजे बाकी, आणि १, −३, −१० हे भागाकाराचे सहगुणक. म्हणून

क्ष³ − ४क्ष² − ७क्ष + १० = (क्ष − १)(क्ष² − ३क्ष − १०) = (क्ष − १)(क्ष − ५)(क्ष + २)

एखादे पद नसेल तर त्याच्या जागी शून्य लिहिलेच पाहिजे. क्ष³ − ७क्ष + ६ चे सहगुणक १, ०, −७, ६ असे मांडावेत. ते शून्य राहिले तर पुढचे सगळे चुकते. बरोबर मांडले तर (क्ष − १)(क्ष − २)(क्ष + ३) हे उत्तर येते.

राशी आणि समीकरण यांत गल्लत करू नये

२क्ष² + १६क्ष + ३० चे अवयव २(क्ष + ३)(क्ष + ५) आहेत. येथे २ ने भागून तो टाकून देता येत नाही, कारण मग राशीच निम्मी होते. २क्ष² + १६क्ष + ३० = ० असे समीकरण असेल, तर मात्र दोन्ही बाजूंना २ ने भागता येते आणि क्ष = −३ किंवा क्ष = −५ ही उत्तरे लिहायची असतात. नुसती राशी दिली असताना क्ष ची किंमत लिहिणे चूक आहे, हे परीक्षेच्या गडबडीत विसरले जाते. अपूर्णांकाचे अतिसंक्षिप्त रूप काढतानाही असेच आहे : (क्ष² + ८क्ष + १५) ला (क्ष + ३) ने भागताना आधी अवयव पाडावेत, मग सामाईक कंस घालवावा आणि क्ष + ५ हे उत्तर लिहावे. वरचे १५ आणि खालचे ३ असे सुटे छाटता येत नाहीत. अवयव छाटता येतो, पद नाही.

सरावासाठी

पुढील पाच उदाहरणे वहीत सोडवावीत : ५क्ष² − ४५, क्ष² − १६क्ष − ३६, ८क्ष² − १४क्ष + ३, क्ष³ + क्ष² − ४क्ष − ४, २क्ष³ + ३क्ष² − ८क्ष + ३.

उत्तरे अनुक्रमे ५(क्ष + ३)(क्ष − ३). (क्ष − १८)(क्ष + २). (४क्ष − १)(२क्ष − ३). (क्ष + १)(क्ष + २)(क्ष − २). (क्ष − १)(२क्ष − १)(क्ष + ३) अशी आहेत. पाचव्या उदाहरणात क्ष = १ ठेवून सुरुवात करावी, उरलेल्या २क्ष² + ५क्ष − ३ साठी ६ आणि −१ ही जोडी घ्यावी आणि शेवटी १० ठेवून पाहावे : २००० + ३०० − ८० + ३ म्हणजे २२२३, आणि ९ × १९ × १३ म्हणजेही २२२३.